तिच्या मापाचं पान

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मी गेली बरीच वर्षं प्लॉटर चालवतो. नातेवाइकांना मात्र मी "कॉम्प्युटरवर असतो" एवढंच सांगतो. प्लॉटर म्हटलं की त्यांना जागेचे प्लॉट आठवतात आणि मग विजापूर रोडला काय भाव चाललाय ते विचारतात.

काम तसं सोपं आहे. माणूस आडवा झोपू शकेल एवढ्या रुंद कागदाचा रोल मशीनवर चढवायचा. कॉम्प्युटरमध्ये मांडलेले शर्टाचे, फ्रॉकचे, हाफ पँटचे भाग मशीन त्या कागदावर खऱ्या मापात आखून देतं. तो कागद कापडाच्या थरांवर अंथरला की कटिंग मास्तर रेघांवरून कटर फिरवतो. पण मशीन सुरू करायच्या आधी पानाची साइज द्यावी लागते आणि तिथंच सगळं असतं. पान कापडापेक्षा जास्त रुंद दिलं तर कडेच्या बाह्या कापडाबाहेर जातात. कमी रुंद दिलं तर मशीन पानात बसेल तेवढंच काढतं आणि उरलेलं सोडून देतं. ते थांबत नाही, लाल दिवा लावत नाही. जे पानाबाहेर आहे ते त्याच्या लेखी नसतंच.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. शर्टाची पाठ आम्ही कधी पूर्ण आखत नाही. उजवी अर्धी पाठ आखतो आणि मधोमध तुटक रेघ देतो. मास्तर कापड दुमडून त्या रेघेवर घडी ठेवतो, कापतो, उघडतो. पाठ पूर्ण होते. कागद वाचतो, वेळही वाचतो. माणसाची डावी बाजू उजवीसारखीच असणार हे आमच्या धंद्यात कुणी बोलूनसुद्धा दाखवत नाही, इतकं ते गृहीत असतं.

माझी मुलगी दहावीत आहे. आम्ही मूळचे मैंदर्गीकडचे, घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. रागावताना आणि लाड करताना कन्नड, हिशेबाचं आणि अभ्यासाचं मराठी. ती आठवीत असल्यापासून मी तिला दिवसातून कितीतरी वेळा म्हणायचो, "नेट्टग निंद्रु." नीट सरळ उभी राहा. देवासमोर हात जोडताना, गॅलरीत केस पुसताना, मोबाइल बघताना. मला वाटायचं, हल्लीची पोरं आहेत, दप्तर एका खांद्यावर टाकतात, वाकून बसतात, सवय लागलीय. ती बिचारी सरळ व्हायची. म्हणजे तिला जे सरळ वाटायचं तसं. मग मी पुन्हा म्हणायचो.

नववीत शाळेत तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी मुलींना एकेक करून पुढं वाकायला सांगितलं आणि हिची पाठ बघून आम्हाला बोलावलं. पाठीचा कणा वळला होता. एक खांदा खाली, एका बाजूचं पाखोऱ्याचं हाड वर उचललेलं. बाई म्हणाल्या, "घरी कुणाच्या लक्षात आलं नाही का?" माझी बायको माझ्याकडं बघत राहिली. दोष द्यायला नव्हे. मी काहीतरी बोलेन म्हणून.

मी काय बोलणार? दर उन्हाळ्यात मी शाळाशाळांत जाऊन मुलांची मापं घेतो. वैराग, मंद्रूप, कुठं कुठं. रांगेत उभ्या केलेल्या पोरांचे खांदे बघून शर्टाचा नंबर सांगू शकतो. तपासणीच्या आधीच्याच उन्हाळ्यात एका शाळेत एका बाईला मी बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ताई, तुमच्या मुलाचा एक खांदा खाली वाटतोय, एकदा दाखवून घ्या." दुसऱ्याच्या पोराचं दिसलं. माझ्या पोरीचं मला दिसलं तेव्हा मी तिला सरळ उभं राहायला सांगत होतो. हे मी अजून कुणाजवळ मोकळेपणानं बोललेलो नाही. बायकोजवळही अर्धंमुर्धंच.

मग दवाखाने झाले आणि शेवटी तिला प्लास्टिकचं कडक जॅकेट आलं. काखेपासून कमरेखालपर्यंत, मागून पट्टे. दिवसाचा बहुतेक वेळ ते घालायचं. ते घालून ती जिना उतरताना ट्रे घेऊन चाललेल्या वेटरसारखी चालते, असं ती स्वतःच म्हणते. त्याच्यावर दोन नंबर मोठा कुर्ता. तिनं अंगाबरोबरचे कपडे घालणं बंद केलं आणि आम्हीही तिला त्याबद्दल विचारणं बंद केलं.

यंदा माघात दहावीचा निरोप समारंभ ठरला. मुलींनी साड्या नेसायच्या असं वर्गात ठरलं. आठ दिवस घरात फोनवर तेवढंच चाललेलं. कोण कुठला रंग नेसणार, कुणाची आजी कुणाला नऊवारी नेसवणार. ही सगळ्यांना सल्ले देत होती. स्वतःचं काही बोलत नव्हती. बायकोनं तिची लग्नातली हिरवी इरकल काढून ठेवली आणि दुकानातून तयार ब्लाउज आणला. हिनं जॅकेट काढून तो घातला, आरशात बघितलं, पाठमोरी होऊन मान वळवून बघितलं. एका खांद्यावरून ब्लाउज घसरत होता, दुसऱ्या काखेत कापड गोळा झालं होतं. पाठीवर तिरप्या चुण्या. तिनं तो काढून घडी करून पिशवीत ठेवला.

जेवताना म्हणाली, "मी नाही जाणार. त्या दिवशी माझं पोट दुखणार आहे."

"आत्तापासून ठरलंय होय?" बायको म्हणाली.

"हो. दुपारी चारपासून."

"लई शहाणं पोट आहे की गं तुझं. घड्याळ बघून दुखतंय."

ती हसली, पण भाकरी तशीच ठेवून उठली. तिच्या वर्गातल्या मुली बारा वाटांनी पांगणार होत्या. बालवाडीपासूनच्या मैत्रिणी. ती गेली नसती तर तो दिवस तिला आयुष्यभर नसल्यासारखा राहिला असता. आणि ती का गेली नाही हे मला रोज माहीत असणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, "मी काढू का ब्लाउजचं पॅटर्न? मशीनवर, तुझ्या मापाचं."

ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "अप्पा, तुम्ही हाफ पँटी काढता."

"त्यालापण कंबर असते की."

तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "दोन अटी. मम्मी पाहिजे. आणि ते नेट्टग निंद्रु म्हणायचं नाही."

"नाही म्हणत."

"मनातसुद्धा नाही."

मी हो म्हणालो. ही अट तिनं इतक्या सहज घातली, की तोपर्यंत किती वेळा मी ते मनात म्हटलेलं तिला ऐकू गेलं असेल, याचा विचार करत मी नंतर बराच वेळ गॅलरीत उभा होतो.

रविवारी दुपारी मापं घेतली. पुढची मापं बायकोनं घेतली, मी पाठीकडं उभा राहिलो. पातळ बनियनमधून तिची पाठ मला पहिल्यांदाच नीट दिसली. दवाखान्यात एक्स-रे बघितले होते, तिथं बोट ठेवून डॉक्टरांनी समजावलं होतं, पण एक्स-रे म्हणजे पाठ नव्हे. मानेखाली एक बारीक तीळ आहे, तो लहानपणापासूनचा. तिथून कणा थोडा उजवीकडं जातो, मग कमरेपाशी परत येतो. मला भीती वाटत होती की मला रडू येईल किंवा तसलं काहीतरी. तसं काही झालं नाही. हात कामाला लागले. मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत, खांद्यापासून कमरेपर्यंत, काखेचा गोल. मी आकडे सांगत होतो, बायको मोबाइलमध्ये टाइप करत होती. मी टेप गुंडाळली.

"झालं?" मुलीनं विचारलं.

"झालं."

"आणि ही बाजू?"

तिनं डावा खांदा जरासा उचलून दाखवला. मी फक्त उजवीकडची मापं घेतली होती.

बायकोनं मोबाइल खाली केला. मी टेप पुन्हा उलगडली. तोंडातून "सवय गं" एवढंच आलं. ती म्हणाली, "माहितीये," आणि पुन्हा पाठ वळवली. दोन्ही बाजूंचे आकडे वेगळे आले. प्रत्येक माप वेगळं. खांद्यात फरक, काखेत फरक, कमरेपर्यंतच्या लांबीत सगळ्यात जास्त. ते आकडे ऐकताना तिचा चेहरा मला दिसत नव्हता. आरशात बघायची माझी हिंमत झाली नाही.

मालकांना विचारून मी त्याच संध्याकाळी तिला कारखान्यात घेऊन गेलो. रविवार असल्यानं शिलाईचा हॉल रिकामा होता, मशीनांवर कापडं झाकलेली. ती पहिल्यांदाच आली होती. टेबलांच्या रांगा बघत, कटिंगच्या टेबलावर हात फिरवत हिंडली. गणवेशांच्या ढिगातून तिला तिच्याच शाळेचा स्कर्ट सापडला. "हा माझ्या वर्गातल्या कुणाच्या नशिबात होता काय माहीत," म्हणाली आणि परत ठेवला.

मी पाठ आखायला बसलो. या वेळी पूर्ण पाठ आखली. मधल्या रेघेच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या मापांनी. इतक्या वर्षांत मी असं कधीच केलं नव्हतं. हात सारखा उजवी बाजू उलटवून डावीकडं चिकटवायच्या बटणाकडं जात होता. दोन तास लागले असतील. तिनं शेजारी बसून विज्ञानाचा धडा वाचला, मध्येच माझ्या स्क्रीनकडं बघितलं. "हे मी आहे?" म्हणाली. मी म्हटलं, "हे तुझं वरचं अर्धं." ती म्हणाली, "बघा हं, परत अर्धं."

मशीन सुरू केलं. पेनाचं डोकं कागदावर इकडून तिकडं धावायला लागलं, रोल पुढं सरकायला लागला. तिला ते आवडलं. ती वाकता येत नाही म्हणून गुडघ्यावर बसून बघायला लागली. खांदा आला, काखेचा गोल आला, कमर आली. आणि काम झाल्यासारखं मशीन थांबलं. कागदावर तिची उजवी बाजू होती. मधल्या रेघेपाशी पान संपलं होतं. डावी बाजू नव्हती.

मी पाठ पूर्ण आखली होती, पण पानाची साइज बदलली नव्हती. सॅम्पलसाठी आम्ही एक अरुंद पान कायमचं सेव्ह करून ठेवलेलं आहे, अर्ध्या पाठीच्या मापाचं. रोज तेच उघडतो. ते तसंच उघडून मी बटण दाबलं होतं. मशीननं पानात बसलं तेवढं काढलं आणि तिचा खाली गेलेला खांदा सोडून दिला.

ती कागदाकडं बघत होती. मी खुर्चीवरून उठलो आणि परत बसलो. दुपारी एकदा आणि आता एकदा, तीच चूक. मला म्हणायचं होतं की मला माफ कर, तुझ्या खांद्याबद्दल, त्या दोन वर्षांबद्दल, मापाबद्दल. मी म्हणालोही. नेमकं काय म्हणालो ते आठवत नाही. निम्मं कन्नडमध्ये म्हणालो एवढं आठवतं.

तिनं ऐकून घेतलं. मग कागद उचलून स्वतःच्या अंगाला लावला.

"ही बाजू चांगली आलीये पण," ती म्हणाली. "फोटो काढायला बरी."

"मी नव्यानं काढतो."

"अप्पा, तुम्ही त्या दिवसांचं सारखं नका ना बोलू. मला पण कुठं माहीत होतं? माझीच पाठ होती." मग म्हणाली, "पान मोठं करा. तिकडं शिल्लक आहे कागद."

मी नवं पान तयार केलं. रुंदी तिच्या दोन्ही बाजू मावतील एवढी, वर शिलाईची जागा. मशीन पुन्हा धावलं आणि या वेळी मधली रेघ ओलांडून पलीकडं गेलं. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरला. कमरेची रेघ तिरकी आली. पूर्ण झाल्यावर तो कागद टेबलावर पसरला तेव्हा तो मला वाकडा दिसला नाही. धंद्यात असा कागद मी फाडून टाकला असता, पण मला तो ओळखीचा वाटला, तीळ कुठं असेल ते मी बोटानं दाखवू शकलो असतो.

बंद करताना कॉम्प्युटरनं विचारलं, पान सेव्ह करायचं का. मी तिच्याकडं बघितलं.

"नको," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत की फरक पडेल. पुढच्या वेळी मी वेगळी असेन."

शिवायला आमच्या ओळखीच्या अक्का आहेत, शहराच्या पूर्व भागात राहतात. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि शेजारच्या यंत्रमागाच्या खडखडाटामुळं दोन्ही मोठ्या आवाजात. त्यांनी कागद उलगडला, बघितला आणि सरळ मधोमध घडी घालायला घेतली.

"तुमच्या मशीननं कागद ओढलाय की हो भाऊ," त्या म्हणाल्या. "एक बाजू खाली गेलीय. मी करते बराबर, काळजी करू नका."

मी काहीतरी जुळवायला लागलो, की म्हणजे कसं आहे अक्का, थोडं माप. मुलगीच म्हणाली, "मशीन बरोबर आहे अक्का. मी तशी आहे. घडी घालू नका."

अक्कांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडं बघितलं, कुर्त्याखाली जॅकेटची कड दिसत होती तिकडं बघितलं.

"असं व्हय," त्या म्हणाल्या. "मग आधी सांगायचं की गं. मी कापून मोकळी झाली असती." घातलेली घडी त्यांनी तळहातानं चोळून सपाट केली. "माझं बघ, माझं पोट तुझ्या अप्पाच्या कुठल्याच कागदात मावत नाही. मी कधी तक्रार केली का?"

"तुमच्यासाठी दोन रोल जोडू," ती म्हणाली.

"बघा भाऊ, पोरगी कशी बोलायली," अक्का म्हणाल्या आणि गळा किती खोल ते विचारायला लागल्या. त्यावर दोघींचं बरंच जुंपलं. माझी तिथं काही गरज नव्हती.

समारंभाच्या दिवशी बायकोनं तिला साडी नेसवली. जॅकेट कार्यक्रमापुरतं काढलं तर चालेल, आल्याबरोबर घालायचं, असं डॉक्टरांना फोनवर विचारून घेतलं होतं. ब्लाउज पाठीवर नीट बसला. खांदा खालीच होता. ब्लाउजनं काही लपवलं नव्हतं. फक्त चुणी नव्हती, घसरत नव्हता. तयार ब्लाउज घातला त्या दिवशी राहिली होती तशी ती आरशासमोर पाठमोरी उभी राहिली. मी दारात होतो. तिचं काय ठरतंय ते मला कळेना. पदर पिन करणाऱ्या बायकोचेही हात थांबले होते.

"पोट दुखतंय का?" बायकोनं हळूच विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पदर पाठीवरून एवढा घेऊ नको. डिझाइन झाकतंय."

मी तिला स्कूटरवरून शाळेत सोडलं. फाटकापाशी हिरव्या, जांभळ्या, लाल साड्यांचा घोळका होता, सगळ्या एकदम बोलत होत्या. ती उतरली आणि त्यात मिसळली. कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवून ब्लाउजबद्दल काहीतरी विचारलं. तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी उगाचच स्कूटरचा आरसा पुसला.

मी घरी गेलो नाही. जॅकेट मोठ्या कापडी पिशवीत घालून आणलं होतं, ते मांडीवर घेऊन समोरच्या लिंबाखाली बसलो. बाकीचे बापही होते. एकानं पिशवीकडं बघून विचारलं, "ढोलकी आणलीय व्हय?" मी म्हटलं, नाही, मुलीचं आहे. त्यानं पुढं विचारलं नाही, आणि शेंगा दिल्या.

अंधार पडायच्या सुमाराला ती फाटकाबाहेर आली. गजरा सुटलेला, काजळ पसरलेलं. रडून झालं होतं आणि आता हसत होती. मी पिशवी घेऊन उठलो. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी जॅकेट घालायला खोली द्यायचं आधीच कबूल केलं होतं.

ती पिशवीकडं बघून म्हणाली, "अप्पा, आत्ताच नाचायला सुरुवात झालीये. अजून थोडा वेळ?"

ठरलेला वेळ होऊन गेला होता. माझ्या आत जो माणूस त्या तपासणीच्या दिवसापासून जागा आहे, तो म्हणाला, घाल आधी. तिच्या पाठीचं आणखी काही माझ्यामुळं व्हायला नको. ती वाट बघत उभी होती. साडीचा काठ धुळीनं मळला होता. एका हातानं तिनं निऱ्या धरल्या होत्या आणि सगळं वजन एका पायावर टाकून, तिला सोईचं पडेल तशी, वाकडीच उभी होती.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"पाय दुखतायत. चपलेनं."

"मग चपला दे इकडं," मी म्हणालो. "आणि जा."

तिनं चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि अनवाणी पळत आत गेली.